पेन्सिल जाईल एवढी जागा

दुकानाच्या पाटीवर नुसतं 'टायर आणि रिम' एवढंच रंगवलेलं होतं. मालकाचं नाव घालायचं राहून गेलं आणि पुढे त्याची गरजही उरली नाही, कारण गिऱ्हाइकांनीच त्यांचं नाव ठेवून टाकलं होतं. बसाकाका. कोणी गाडी घेऊन आलं आणि मोठे रिम, रुंद टायर असं काही मागायला लागलं, की काका आधी गाडीकडे बघतच नसत. ते गाडीत कोण कोण आहे ते बघत आणि म्हणत, "सगळे बसा." सगळे म्हणजे अगदी सगळे. त्या गाडीतून जे जे फिरणार ते आपापल्या जागी बसल्याशिवाय काका मापाला हात लावत नसत.

यामागचं शास्त्र अगदी साधं होतं. रिकामी गाडी ऐटीत उभी असते. चाक आणि त्याच्या वरची पत्र्याची कमान यांच्यात चांगली ऐसपैस जागा दिसते, माणूस तिला भुलतो आणि मोठं चाक घेऊन बसतो. मग गाडीत माणसं शिरतात, गाडी खाली दबते, गतिरोधकावर आपटते आणि नवाकोरा टायर पत्र्याला घासून सोलून निघतो. म्हणून काका मागच्या चाकाखाली एक लाकडी ठोकळा सरकवत. त्याने ते चाक कमानीत वर चढे, रस्त्यावरच्या उंचवट्यावर चढतं तसं. मग सगळ्यांना आत बसवून स्वतः गुडघ्यांवर टेकत आणि टायर नि पत्रा यांच्या फटीत पेन्सिल सरकवून बघत. पेन्सिल गेली तर माप पास. अडकली तर एक माप खाली, मग समोर कलेक्टर का उभा असेना.

पेन्सिल साधीच होती, शाळेतली असते तशी, पण तिला जन्मात कधी टोक काढलेलं नव्हतं. ती सदैव काकांच्या खिशात असायची आणि दुसऱ्या कुणाच्या हातात जायची नाही. दुकानात बॅलन्सताई होती. चाकांचं बॅलन्सिंग करायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि चाक मशीनवर चढवायच्या आधीच तोल साधायला कुठे किती शिसं लागणार ते ती सांगायची. पण पेन्सिल तिलाही नाही. पत्र्याला लागते तेव्हा बोटांना कळावं लागतं, असं काका म्हणत. माझी बोटं काय भाड्याची आहेत, असं ताई एकदा म्हणाली होती. त्यानंतर ती नुसतं नाक मुरडायची आणि मशीन सुरू करायची.

या 'सगळे बसा'पायी गिऱ्हाइकांची फार तारांबळ उडायची. मी एकटाच चालवतो हो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एकाला काकांनी मागच्या काचेवरचे चिमुकल्या पंजांचे ठसे दाखवले आणि बहीण नि दोन भाच्यांना बोलावून घ्यायला लावलं. एकाने ढोलासारखं मोठं वाद्य आणून मागच्या सीटवर ठेवलं, कारण तेच त्याच्याबरोबर सगळीकडे जायचं. एका जावयाला तर सासूबाईंना घेऊन यावं लागलं. सासूबाई बसल्या, पेन्सिल अडकली, आणि जावई छताकडे बघायला लागला. काकांनी पेन्सिल शांतपणे खिशात ठेवली, ठोकळाच जरा उंच आहे म्हणाले, आणि एक माप लहान दिलं. कुणाच्या वजनाचा विषय त्यांनी तीस वर्षांत एकदाही काढला नाही. त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा होता.

आता भिंतीवरच्या रिमचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळे झालं. कॅलेंडरच्या शेजारी चार रिम टांगलेले होते. सतरा इंची, दहा स्पोकचे, जुन्या कांस्याच्या रंगाचे. अकरा वर्षं ते तिथेच होते. कोणी मागितले की काका म्हणत, तुमच्या गाडीचं काम नाही. पुष्कळ गाड्यांचं होतं, हे ताईला दिसत होतं. पण दर शनिवारी काका स्वतः शिडीवर चढून मऊ फडक्याने ते रिम पुसायचे, आणि असं पुसणारा माणूस काही विकत नसतो, हे ओळखायला मशीन लागत नाही.

मग पिवळी गाडी आली. ती एका दातांच्या डॉक्टरांची होती. दोन सीटची, उघड्या टपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. वय पंचवीस. डॉक्टरांच्या गुडघ्यांना आता तिच्यातून वर येणं झेपेना, तेव्हा त्यांनी ती काकांना देऊन टाकली, कारण तिचं नीट करणारा दुसरा कोणी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. एकोणसाठाव्या वर्षी काका स्पोर्ट्स कारचे मालक झाले. घरी आले तेव्हा काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वाकून खाली बघितलं.

"ही साबणदाणी कोणाची?" त्यांनी विचारलं.

आपली म्हटल्यावर त्यांनी चिमटा दातांतून काढून दोरीला लावला आणि सांगून टाकलं, की त्यात आपण काही बसणार नाही. बसलो तर उठणार नाही. त्यावर दोघंही हसले आणि विषय तिथेच संपला. निदान काकांनी तो संपवला.

पुढचे चार दिवस जेवणाच्या टेबलावर कागदांचा पसारा होता. गाडीच्या मूळच्या चाकाचं माप होतं एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, पंधरा. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूच्या उंचीचा, म्हणजे रुंदीच्या शेकडा किती तो. तिसरा रिमचा, इंचांत. भिंतीवरचा रिम सतराचा, म्हणजे रिम दोन इंचांनी वाढला. अख्ख्या चाकाची उंची मात्र होती तेवढीच राहायला हवी, नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. मग टायरची बाजू बुटकी करायची आणि रुंदी वाढवायची. दोनशे पंधरा, चाळीस, सतरा. काकांनी आकडे मांडले, खोडले, परत मांडले. उंची जुळत होती. पण रुंद टायर, त्यात हा रिम मूळच्यापेक्षा थोडा बाहेर येऊन बसणारा. कमानीच्या काठापाशी फार थोडी जागा उरत होती.

काकू समोर बसून मटार सोलत होत्या. तीस वर्षं जेवताना हेच ऐकत आल्याने त्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी कागदाकडे एकदा बघितलं आणि पुढची शेंग उचलली.

गाडीत एक माणूस बसला तर पेन्सिल जाईल, हे काकांना ठोकळा न लावताही कळत होतं. दोन बसली तर जाणार नाही, हेही कळत होतं. इथे त्यांना काकूंचं गॅलरीतलं वाक्य आठवलं, आणि ते फार गोड लागलं. ती स्वतःच नाही म्हणाली आहे. मग दुसरं माणूस येतंच कुठून? काकांनी पेन्सिल खिशात टाकली आणि त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी रिम भिंतीवरून उतरले. टायर चढले, ताईने बॅलन्सिंग करून दिलं, चाकं गाडीला लागली. पिवळ्यावर ते कांस्य असं काही उठून दिसलं, की शेजारचा काचवाला दुकान सोडून बघायला आला. मग ठोकळा लागला. चालवणारे काका, पण काकांना तर पेन्सिल धरायची होती. त्यांनी हत्यारांची मोठी पेटी उचलून चालकाच्या सीटवर ठेवली, माझ्याएवढीच भरेल म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसले. पेन्सिल गेली. जरा कुरकुरत, पण गेली.

"काकूंना नाही बसवणार?" ताईने विचारलं.

"ती बसणार नाही म्हणालीय."

ताईने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ती हात पुसायला गेली.

रविवारी सकाळी काका गाडी दारात आणून तिचा आरसा पुसत होते. मागून पावलं वाजली म्हणून बघतात तर काकू. ठेवणीतले कपडे, केसांना रुमाल, डोळ्यांवर लेकीचा जुना गॉगल, आणि खांद्याला ती पिशवी. या पिशवीशिवाय काकू दुधाच्या केंद्रापर्यंतही जात नसत. तिच्यात पाण्याची बाटली, छत्री, स्वेटर, औषधांचा डबा, सुईदोरा, वाचायचं पुस्तक आणि ते कंटाळवाणं निघालं तर दुसरं पुस्तक, एवढं सगळं कायम असायचं. काकूंनी दार उघडलं, एका हाताने समोरच्या काचेची चौकट धरून स्वतःला हळूहळू खाली सोडलं, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चला, बघू तरी."

काकांना पेन्सिल आठवली. पण बायको गॉगल लावून बसली आहे, तिला काय सांगणार? त्यांनी गाडी सुरू केली. पहिल्या वळणापर्यंत सगळं छान होतं. काकूंनी केसांचा रुमाल सारखा केला, वाऱ्याला तोंड दिलं आणि साबणदाणी बरी पळते म्हणाल्या. मग गतिरोधक आला.

खर्रर्र. आवाज काकूंच्या मागच्या चाकातून आला.

काय झालं, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, खडा असेल. पुढच्या गतिरोधकाला खडा परत आला, आणि त्याच्या मागोमाग जळक्या रबराचा वास. काकूंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. तीस वर्षं टायरवाल्याच्या घरात काढलेल्या बाईला खडा आणि घासणं यांतला फरक शिकवावा लागत नाही.

"माप घेताना या सीटवर कोण बसलं होतं?" त्यांनी गॉगल काढून विचारलं.

"कोणी नाही."

"आणि तुमच्या?"

"हत्यारांची पेटी."

काकूंनी गॉगलची घडी घालून तो पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "लोकांच्या सासवा आणून बसवल्यात तुम्ही."

"तू नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आणि तुम्हाला ते बरंच पडलं."

काकांना पुष्कळ काही बोलता आलं असतं. ठोकळ्याचं नाव घेता आलं असतं, ते नेहमी घेत तसं. पण ते नुसतं "हो" म्हणाले, आणि म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू उतरल्या. बसलो तर उठणार नाही म्हणाल्या होत्या, तेही फारसं खोटं नव्हतं. दोन झोके घ्यावे लागले. काका हात द्यायला धावले तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या. मग पिशवी खांद्याला लावून त्या घराकडे चालायला लागल्या, आणि मागून माणसाच्या चालीने पिवळी स्पोर्ट्स कार. रस्त्यावरच्या लोकांची करमणूक झाली. काकूंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर काकांना सोपं गेलं असतं. काकू वेळेवर चहा देत, पोळी वाढू का विचारत, मुलीचा फोन आला तर हसून बोलत. फक्त टेबलावर टायरचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जात. तीस वर्षं ऐकणारं माणूस समोरून उठून गेलं, आणि आपण आजवर कोणाशी बोलत होतो ते काकांना तेव्हा समजलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. जगाला सगळे बसा सांगायचं आणि स्वतःच्या गाडीत स्वतःची बायको मोजायची नाही, यावर काय सारवासारव करणार?

काचवाल्याने सुचवलं, की कमानीचा काठ आतून दाबून घे, अर्ध्या तासाचं काम आहे. काका ते करू शकत होते. पण माप चुकलं म्हणून पत्रा वाकवायला आलेल्या कितीतरी लोकांना त्यांनी याच दारातून परत पाठवलं होतं. नाही म्हणाले. माप परत घ्यायचं, दोन माणसांचं. आता काकूंना कुठल्या तोंडाने बोलावणार? मग त्यांच्याएवढं वजन ठेवायचं ठरलं, आणि तिथेच गाडं अडलं. पिवळ्या गाडीचं वजन काकांना किलोनिशी पाठ होतं. बायकोचं माहीत नव्हतं.

"तुला काय वाटतं, किती असेल?" त्यांनी ताईला विचारलं.

"तो विषय आपल्या दुकानात काढत नाहीत," ताई म्हणाली.

शेवटी काकांनी अंदाज धरला. गाडीची मूळची पंधरा इंची तीन चाकं एकावर एक सीटवर रचली. वर वाळूची पिशवी ठेवली. ती घसरायला लागली म्हणून तिला आपला मफलर गुंडाळला. मग सगळ्याला मिळून सीटबेल्ट लावला आणि लांब उभं राहून बघितलं. बऱ्यापैकी काकूंसारखंच दिसत होतं, निदान पाठमोरं.

"चष्मा घरी राहिलाय," मागून आवाज आला.

रबराच्या वासाने डोकं दुखतं म्हणून काकू दुकानात कधी यायच्या नाहीत. शेवटच्या आल्या होत्या तेव्हा मुलगी कडेवर होती. आता त्या नाकाला रुमाल लावून, हातात चष्म्याचं घर धरून उभ्या होत्या, आणि त्यांची नजर गाडीतल्या मफलरवर होती.

"ही कोण?"

काकांनी चष्मा घेतला. "तू," ते म्हणाले.

ताई लगबगीने मशीनच्या मागे गेली आणि खाली वाकून काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते. काकू गाडीला एक फेरी मारून आल्या. वाळूची पिशवी त्यांनी हाताने दाबून बघितली, चाकं मोजली.

"जास्त धरलंय की कमी?"

"माहीत नाही. म्हणूनच तर."

"मग विचारायचंत."

"कसं विचारणार होतो?"

"सगळ्यांना विचारता तसं," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.  ते म्हणाले, "चुकलं माझं. बसतेस का?"

"आधी हिला उतरवा."

हिला उतरवायला दोघं लागली. मग काकू बसल्या, पेटी चालकाच्या जागी होतीच, काका गुडघ्यांवर टेकले. पेन्सिलची कडही फटीत शिरली नाही. काका उठले. कांस्याच्या रिमवरून त्यांनी एकदा तळवा फिरवला, आणि पान्याने पहिला नट सैल केला. अकरा वर्षं पुसलेली वस्तू गाडीवर जेमतेम आठवडाभर राहिली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणायचं? पण हात थांबले नाहीत.

मधल्या रॅकवर सोळा इंचांचे साधे चंदेरी रिम होते, थोडे आत बसणारे. त्यांना दोनशे पाच, पंचेचाळीस, सोळा. टायरची बाजू जरा जास्त उंच, म्हणजे रस्त्याचे दणके कंबरेपर्यंत कमी पोचणार. सगळं चढवायला तासभर गेला. काकू स्टुलावर बसून पुस्तक वाचत होत्या, आणि मधूनच रुमाल नाकावरून काढून, एवढंच का ते बॅलन्सिंग, असं ताईला विचारत होत्या. ताईने त्यांना तीन चाकं फिरवून दाखवली. चौथ्याला काकूंनी शिसं कुठे लागेल ते स्वतःच सांगितलं. चुकलं, पण थोडक्यात चुकलं.

गाडी ठोकळ्यावर चढली. काकू आत बसल्या, मग परत अर्ध्या उठल्या आणि स्टुलावरची पिशवी मागवून घेतली. ती त्यांनी मांडीवर नीट बसवली. ही मी घेतल्याशिवाय कुठे जाते का, असं विचारलं. काकांनी मान डोलावली आणि पेन्सिल काढून गुडघे वाकवायला घेतले.

"थांबा. ही कोण?" काकूंनी शेजारच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"मी."

"हिलाही उतरवा."

"मग पेन्सिल कोण धरणार?"

 काकूंनी ताईकडे बघितलं. ताई फडक्याला हात पुसत उभी होती, आणि आता ते फडकं तिच्या हातांत थांबलं.

"सगळे म्हणजे सगळे ना?" काकू म्हणाल्या, आणि शेजारच्या सीटवर हाताने थोपटलं. "बसा."

काकांनी पेन्सिलकडे बघितलं. मग ती ताईच्या हातात दिली, पेटी उतरवली आणि गाडीत बसले. आतून चाक दिसत नाही, कमान दिसत नाही. समोर नुसता डॅशबोर्ड आणि शेजारी ती पिशवी. तीस वर्षं लोक इथे बसून काय काय सोसत होते ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं. मागे ताईचे गुडघे फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. काकू समोर बघत होत्या. काकाही समोर बघत होते.

"काका, पोट सोडा," ताई मागून म्हणाली. "आत ओढून धरलंय तुम्ही. माप चुकेल."

काकांनी श्वास सोडला. गाडी थोडी खाली बसली. काकूंनी पिशवीवरचा एक हात काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि मागे ताईने पेन्सिल फटीला लावली.

"जाते," ताई म्हणाली.